भिंतीच्या आतली माती

मरियाचं लेकरू जन्मताना रडलं खरं, पण ते रडणं उंबऱ्याबाहेर गेलं नाही. सुईण राबियामावशीनं त्याला पायांना धरून उलटं केलं, पाठीवर थोपटलं, तोंडात बोट घालून चिकटा काढला. रंग काही फिरेना. ओठ जांभळे ते जांभळेच.

“मावशी, कसं हाय?” मरियानं विचारलं.

“दमानं घे, मरियम,” राबिया एवढंच म्हणाली. तिच्या तोंडी मरियाची मरियम व्हायची.

मरियाला कळलं. ती कोपरावर उठू लागली आणि पुन्हा पडली. म्हणाली, “मावशी, पाणी घाला. फादर येईपर्यंत ते राहत न्हाई. तुमी घाला.”

हे पाणी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या तांब्याभर पाण्यावरून झालं. मरिया संगमनेरकडची, कॅथलिक. तिच्या धर्मात शिकवतात की माणूस पापाचा डाग घेऊनच जन्मतो, अगदी तान्हंसुद्धा, आणि तो डाग बाप्तिस्म्यानं जातो. बाप्तिस्मा न होता गेलेल्या लेकराला छळ नाही म्हणतात, पण देवाचं तोंड दिसत नाही. आई मेल्यावर देवाकडं गेली तरी त्याची नि तिची गाठ नाही. हे ज्यानं कुणी पहिल्यांदा सांगितलं त्याला पोर झालं नसावं. पण त्याच धर्मानं एक दारही उघडं ठेवलंय आणि ते चांगलं दार आहे. जीव जात असेल तर पाणी कुणीही घालावं. पाद्री नको, ख्रिस्तीसुद्धा नको. चर्च जे करतं तेच आपण करतोय असं मनात धरायचं, डोक्यावर पाणी ओतायचं आणि ठरलेले शब्द म्हणायचे. बास.

दवाखान्यातल्या सिस्टरनं भिंगारच्या सगळ्या सुइणींना बसवून ते शब्द पाठ करून घेतले होते. राबियाला ते सगळ्यांत आधी पाठ झाले. सिस्टरनं तिला साबणाची वडी दिली. तेव्हा ते पाठांतर होतं, आणि हातात साबण होता. आज हातात लेकरू होतं.

शिवाय रमजान चालू होता. राबियाचा रोजा होता. पहाटेपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता.

तिनं लेकराला डाव्या हातावर घेतलं, उजव्या हातात तांब्या घेतला. “मी तुला बाप्तिस्मा देते,” ती म्हणाली. “बापाच्या...”

आणि अडली.

राबियाचा बाप पिंजारी. भिंगारच्या बाजारात कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. त्यानं लेकीला घर दिलं नाही, दागिना दिला नाही, एक गोष्ट मात्र ती बोबडं बोलायची तेव्हापासून दिली: अल्ला एक. त्याला कुणी जन्म दिला नाही आणि त्यानं कुणाला जन्म दिला नाही. बाकीची पापं रडून धुता येतील, त्याच्या जोडीला दुसरं कुणी बसवलंस तर ते धुता येणार नाही. राबियानं ‘बाप’ हा शब्द कसाबसा काढला होता. मायबाप तर आपण सरकारलाही म्हणतो. पण पुढचा शब्द होता पुत्र. देवाचा पुत्र. साबण हातात असताना जो शब्द नुसता आवाज होता, त्याला आता अर्थ आला. ती हे मनापासून म्हणणार तेव्हाच लेकराला ते लागू होणार, आणि मनापासून म्हटलं तर तिच्या बापानं दिलेलं सगळं जाणार.

लेकराची छाती कोंबडीच्या पिलासारखी धापत होती.

“...आणि पवित्र आत्म्याच्या नावानं,” राबिया म्हणाली. मधला शब्द गाळून. आणि पाणी ओतलं.

लेकराची एक भुवई हलली. मग छाती थांबली.

“दिलंत?” मरियानं विचारलं.

“पानी घातलं, पोरी.”

यात खोटं काही नव्हतं. मरियानं भिंतीकडं तोंड केलं आणि रडायला लागली. त्या रडण्याला तळ होता. लेकरू गेलं, पण कुठं गेलं ते तिला माहीत होतं.

*

भिंगारच्या लष्करी छावणीच्या मागं नोकर लोकांच्या खोल्यांची रांग होती, तिच्यातली ही खोली. मरियाचा नवरा कृपादान डेपोत सुतार. लढाईचे दिवस, पेट्या ठोकून ठोकून माणसांचे हात सुजायचे. निरोप गेला तसा तो हातातली पटाशी घेऊनच पळत आला. आत जाऊन बायकोजवळ बसला, बाहेर आला आणि जोत्यावर बसलेल्या बापाशेजारी बसला.

बाप म्हणजे गोरख. जेऊरच्या महारवाड्यातला. सुनेचं बाळंतपण म्हणून आलेला. त्याच्या घराला तीन धर्म. तो स्वतः जुन्यातच राहिला, मरीआईला नारळ फोडणारा. पुतण्या शांतवन मिशनच्या शाळेत मास्तर, प्रॉटेस्टंट. कृपादानही तिथंच शिकला, तिथंच बाटला, आणि मरियाशी लग्न करायचं म्हणून कॅथलिक झाला. गोरख म्हणायचा, “माझ्या घरात पत्रावळी एक अन् जेवणावळी तीन.”

राबिया हात धुऊन बाहेर आली. तिला ते पोटात ठेवता येईना.

“कृपादान, तुला एक सांगते. शिव्या घालायच्या तर घाल.” आणि तिनं सांगितलं.

कृपादाननं पटाशी खाली ठेवली. “एक शब्द, मावशी? एका शब्दापायी?”

“तुला तो शब्द वाटतो. ईसा मरियमचा लेक, पाक पैगंबर, त्याच्या नावाला आमी बी सलाम करतो. पर अल्लाचा लेक कसं म्हणू रे? ते म्हटलं तर माझं काय राहिलं?”

“तुमचं काय राहिलं! अन् माझ्या लेकराचं?”

राबिया खाली बसली. म्हणाली, “आमच्यात लेकराला डाग नसतोच. कुनाचं बी असू दे, ते पाक जन्मतं आन् तसंच सरळ जन्नतमधी जातं. मी खरं सांगते तुला. त्याला काय झालं न्हाई.”

“मग तुमच्या कब्रस्तानात ठेवू का त्याला?”

राबियानं पदर तोंडाला लावला. “मुसलमानाचं असतं तर...”

“बघा,” कृपादान म्हणाला.

गोरख खाकरला. “मी अडानी मानूस. पर इचारतो. तुमच्यात लेकराला जाळत न्हाईत न?”

“न्हाई, बा. पुरतात.”

“आमच्यात बी तान्हं पुरतातच. बामनाचं बी पुरतात, कुनब्याचं बी. दात यायच्या आदी कुनी आग देत न्हाई. राबियाबी, तुमच्यात तर मातीच. मग झालं की! समद्या देवांचं एवढ्यापुरतं जमलंय. खांदा खड्डा.”

“चला मग जेऊरला. महारवाड्याच्या मसणवट्यात खांदू,” कृपादान म्हणाला.

गोरखनं विडी शोधायला खिसा चाचपला. विडी कानावरच होती. “भावकी ऐकायची न्हाई,” तो म्हणाला. “बाटग्याचं लेकरू म्हनत्याल.”

“अन् पाटलांच्या मसणात?”

“याड लागलं का तुला?”

म्हातारा बोलला ते खरं होतं आणि कामाचं नव्हतं. माती सगळे देतात. माती द्यायला कुणाचं काय जातं? भांडण तिच्याभोवतीच्या भिंतीचं असतं, आणि भिंत बांधायची राहिलीय असा धर्म मला अजून भेटायचा आहे. मोठा मेला तर एक वेळ त्याच्या कर्मावर ढकलता येतं. हे तर कुणाचं वाईट करायला पुरतं जगलंही नव्हतं.

तेवढ्यात शांतवन मास्तर आला. काखेत छत्री, पायात चढाव. त्यानं कृपादानच्या खांद्यावर हात ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि वर्गात बोलतो तसं बोलायला लागला.

“कृपादान, आमची मंडळी असं मानत नाही. बाप्तिस्मा ही खूण आहे. तारण देवाच्या कृपेनं, विश्वासानं होतं. पाण्यानं नव्हे, आणि पाद्र्याच्या परवानगीनं तर नव्हेच. तुझं लेकरू या घटकेला प्रभूच्या मांडीवर आहे. खूण राहिली म्हणून प्रभू ओळखत नाही की काय?”

कृपादाननं मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी त्याला बरं वाटेल असं बोललं होतं. “मग दादा, तुमच्या दफनभूमीत घेता का त्याला?”

शांतवन छत्री मिटायला लागला. ती मिटलेलीच होती.

“त्याचं असं आहे... पंचांना विचारावं लागेल. तू आमच्यातून तिकडं गेलास, तेही लग्नासाठी. पंचांच्या मनात ते आहे. रविवारी सभा आहे, मी स्वतः मांडतो.”

“आज बुधवार हाय, मास्तर,” गोरख म्हणाला. “लेकराला ऐतवारपतोर थांब म्हनू का?”

“काका, तुम्ही मध्ये बोलू नका.”

“न्हाई बोलत. तुमच्या परभूची मांडी लई मोठी. सभा भरल्याबिगार कुनाला बसू देत न्हाई एवढंच.”

शांतवनचे कान लाल झाले. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं कनवटीचे पैसे काढून कफनासाठी पांढरं कापड आणलं, आणि ते देऊन, कुणाकडं न बघता, शाळा भरायची वेळ झाली म्हणून निघून गेला.

कृपादान राबियाजवळ आला. हळूच म्हणाला, “मावशी, फादर येतील. विचारतील. हो म्हणा.”

“रोजा हाय माझा, बाळा. खोटं कसं बोलू?”

“मरियाला कळलं तर ती जगायची न्हाई. तिला वाटतंय सगळं झालं. हो म्हणा, मी तुमच्या पाया पडतो.” आणि तो खरंच वाकला. राबियानं त्याचे दोन्ही हात धरले आणि धरूनच ठेवले.

*

फादर सायकलवरून आले. गोव्याकडचे, उंच, पुस्तकी मराठी बोलणारे. घामानं झग्याची पाठ भिजली होती. आत गेले, मरियाच्या कपाळावर क्रूस काढला, तिच्यासाठी प्रार्थना केली. बाहेर आले तोवर खोल्याखोल्यांच्या दारांत बाया उभ्या राहिल्या होत्या. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं लेकरू कृपादानच्या मांडीवर होतं.

“बाप्तिस्मा कुणी दिला?”

कृपादाननं राबियाकडं बोट केलं.

“तू मुसलमान ना?”

“जी.”

“त्याला हरकत नाही. कुणीही दिला तरी चालतो. पण शब्द चर्चचे पाहिजेत, पूर्ण पाहिजेत. नाहीतर मला हे मूल आशीर्वादित जमिनीत ठेवता येत नाही.” फादर कृपादानकडं वळले. “कबरस्तानाच्या भिंतीच्या बाहेर एक पट्टी आहे. तशी मुलं तिथं ठेवतात.”

“तिथं गाढवं चरतात, फादर.”

“मला माहीत आहे,” फादर म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. “नियम मी केलेला नाही. मी त्याचा नोकर आहे.”

नियमाचे नोकर सगळीकडं असेच बोलतात. कचेरीत, देवळात, रेशनच्या दुकानात. मालक कुठं असतो ते अजून कुणी पाहिलेलं नाही.

“बाई, शब्द पूर्ण म्हटलेस का?”

राबियानं तोंड उघडलं. तिनं काय सांगायचं ठरवलं होतं, कुणास ठाऊक. ती बोलायच्या आत खोलीतून मरियाचा आवाज आला. अंगात रक्त नव्हतं, तरी रांगेच्या टोकापर्यंत जाईल असा.

“फादर! म्हटले मावशीनं! मी ऐकले. तिन्ही नावं ऐकली मी!”

मरिया खोटं बोलत नव्हती. तिनं खरंच ऐकली होती. तहानलेल्याला दूरचं पाणी ऐकू येतं, तशी.

आता राबियानं नाही म्हणायचं म्हणजे त्या बाईला तिच्या लेकराच्या मढ्यापुढं खोटं पाडायचं.

“म्हटले,” राबिया म्हणाली.

“तुझ्या देवाला स्मरून सांगतेस?”

“जी.”

“मग जसं म्हटलंस तसं म्हणून दाखव.”

दारांतल्या बाया पुढं सरकल्या. राबियानं कृपादानच्या मांडीवरच्या पांढऱ्या गाठोड्याकडं पाहिलं आणि म्हटलं. सगळं म्हटलं. “मी तुला बाप्तिस्मा देते, बापाच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावानं.” एकाही जागी अडली नाही. जिवंत लेकरासाठी जो शब्द तिच्या तोंडातून निघाला नव्हता, तो मेलेल्यासाठी निघाला.

फादरनी तिच्याकडं पाहिलं. त्यांना काही कळलं असेल तर ते त्यांनी गिळलं. तेवढी दया त्या माणसात होती, नियमात नव्हती.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “नाव जोसेफ ठेवू. आणा त्याला.”

राबिया उठली. रांगेच्या टोकाला नळ होता, तिकडं गेली. नळ सोडला, ओंजळ धरली आणि घटाघटा पाणी प्याली. ऊन डोक्यावर होतं.

“अगं राबिया! रोजा ना तुजा?” पलीकडून एकीनं हाक मारली.

“सुटला,” राबिया म्हणाली.

“एवढ्यात?”

“माझा सुटला.” आणि तिनं दुसरी ओंजळ धरली.

*

पेटी कृपादाननंच केली. डेपोतल्या खोक्याच्या फळ्या होत्या, त्यांवर सरकारी काळे आकडे. रंधा मारून ते जाईनात, म्हणून आकड्यांची बाजू आत घेतली. कबरस्तानाच्या फाटकाशी गोरख थबकला.

“मला चालतं का आत?” त्यानं फादरला विचारलं.

“या की. सगळ्यांना चालतं.”

“जित्याला चालतं, मेल्याला इचारावं लागतं,” गोरख म्हणाला. “पाटलाच्या वाड्यात उलटं हाय. आमाला जिते हाय तवर भाईर ठिवत्यात, अन् जनावर मेलं की आत बोलिवत्यात.” कुणी हसलं नाही. त्यालाही हसायचं नव्हतं. पहिली मूठ त्यानं टाकली आणि मग ढेकळं फोडत बसला, नातवाच्या अंगावर मोठं ढेकूळ जाऊ नये म्हणून.

दारांतल्या बायांनी जे ऐकलं ते घरोघर गेलं, आणि जाता जाता मोठं झालं. नगरातल्या अंबिकाबाईंच्या घरी राबियानं दोन सुनांची बाळंतपणं केली होती. तिथून निरोप आला, यापुढं येऊ नको. “पोरांच्या डोक्यावर गुपचूप पाणी घालून बाटवते म्हणे.” मराठ्यांच्या आळीतही तेच. राबियाच्या मोहल्ल्यातल्या मोठ्यांनी तिला बोलावून समज दिली, तिच्याकडून तौबा करून घेतली, अल्ला माफ करणारा आहे असं म्हणाले, आणि मग त्यांच्याही घरची बोलावणी थांबली. हिंदू म्हणाले ती ख्रिस्ती करते. मुसलमान म्हणाले ती ख्रिस्ती झाली. ख्रिस्ती तेवढे म्हणाले, बाई चांगली आहे, पण मुसलमान आहे. एवढ्या धर्मांत मिळून एका सुईणीला पोटापुरतं घर उरलं नाही. ती बाजारात वाण्याचं धान्य निवडायला जाऊ लागली.

तिच्याकडं येणारी एकच, मरिया. दर रविवारी चर्चहून परस्पर राबियाकडं यायची. खाली बसायची. काही वेळ इकडचं तिकडचं झालं की म्हणायची, “मावशी, सांगा ना.”

“काय सांगू?”

“पाणी पडलं तवा त्यानं काय केलं?”

“भुवई हलली त्याची.”

“थंड लागलं असंल.”

“लागलं असंल.”

“अन् तुमी काय म्हटलं? तसंच म्हणा एकदा.”

राबिया म्हणायची. तिन्ही नावं. मरिया डोळे मिटून ऐकायची आणि उठताना तिच्या तोंडावर ते पहिल्या दिवशीचं समाधान असायचं. ती गेली की राबिया हातपाय धुऊन, वजू करून नमाजाला उभी राहायची, तौबा मागायची, आणि पुढच्या रविवारी पुन्हा म्हणायची. असं कोणत्या धर्मात बसतं ते मला ठाऊक नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी धर्माधर्मांची तुलना करायला राबियाच्या खोलीत रविवारी येऊन बसावं.

लढाई संपली. डेपोतली माणसं कमी झाली, कृपादान राहिला. मरियाला पुन्हा दिवस गेले. ती राबियाकडं आली ती हसत, लांबूनच.

“मावशी, तयारीत राहा. थंडीत हाय.”

राबिया सुपात तांदूळ पाखडत होती. “चांगलं झालं गं. दुसरी बाई बघून ठेव. तुमच्यातली बघ.”

“दुसरी कशाला? तुमच्याच हाताचं पाहिजे मला. तुमच्या हातानं माझं एक लेकरू देवाकडं पोचलंय.”

सूप थांबलं. राबियानं ते बाजूला ठेवलं. इतके रविवार ती जे म्हणत आली होती ते एका लेकराच्या मढ्यासाठी होतं. आता पोटात जिवंत लेकरू होतं आणि मरिया त्याचा भार तिच्या जिभेवर ठेवायला आली होती.

“पोचवलं न्हाई मी, मरियम.”

“काय?”

“मधलं नाव न्हाई घेतलं मी. तोंडातून आलंच न्हाई. बाप म्हटलं, आत्मा म्हटलं. मधलं न्हाई.”

मरिया हसतच होती अजून. हसू तोंडावर राहून गेलं होतं. “असं कसं? मी ऐकलं.”

“तू ऐकलंस. मी म्हटलं न्हाई.”

“फादरसमोर म्हटलंत.”

“म्हटलं. तवा ते गेलं हुतं.”

बाहेर कुणीतरी टांग्याला घोडं जुंपत होतं, त्याला शिव्या देत होतं. मरिया दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

“मग कुठंय तो?”

“माज्या अल्लाकडं. लेकरं सरळ जातात, पोरी, कुनाची बी असोत. कुरान डोक्यावर घिऊन सांगते तुला.”

“तुमच्या अल्लाकडं त्याला कोण ओळखतं?”

राबियानं सूप पुन्हा जवळ ओढलं.

“माझी आई तिथं न्हाई. माझी आजी न्हाई. मी मेले तरी तिथं येत न्हाई. त्याचं कोण हाय तिथं? कुणाच्या मांडीवर बसवत असतील त्याला?” मरियाचा आवाज चढला नाही. ती खरंच विचारत होती. गावाला गेलेल्या पोराची चौकशी करावी तसं.

“अल्लाच हाय की,” राबिया म्हणाली, आणि तिला स्वतःलाच ते आईला सांगायला फार थोडं वाटलं.

“यावेळी म्हणाल? वेळ आली तर? सगळं?”

“मला ठाऊक न्हाई. तवा बी वाटलं हुतं, निघंल तोंडातून. म्हनून म्हनते, दुसरी बघ.”

मरिया उठली. पोटावर हात धरून दारात उभी राहिली. तिला रागावता आलं असतं तर बरं झालं असतं, दोघींनाही. पण जिनं तिला फसवलं, तिनंच तिच्यासाठी गळ्यापर्यंत पाप घेतलं होतं, आणि ते एकमेकींतून सोडवता येत नव्हतं.

“तुमच्या नमाजात त्याच्यासाठी मागत जा,” ती म्हणाली. “तिकडं असला तर तुमचंच ऐकतील. माझं कोण ऐकणार तिथं.”

“मागते. तवापासून मागते.”

“अन् माझ्याकडं येऊ नका आता. दुखायला लागलं, मी वरडले, कुणी निरोप धाडला, तरी येऊ नका.”

“न्हाई येत.”

पुढचे रविवार मरिया आली नाही. हिवाळ्यात एके दिवशी नोकरांच्या रांगेकडून बायांची धावपळ दिसली. राबियानं बाजारातून येता येता ती पाहिली. पाय आपसूक तिकडं वळले, चार घरं गेले, आणि मागं फिरले. घरी येऊन ती दारात बसली. कुणी बोलवायला आलं नाही.

लेकरू जगलं. मुलगी झाली, चांगली धट्टीकट्टी. राबियाला ते दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर कळलं, तिऱ्हाइतांच्या बोलण्यातून. तिनं दळण घेतलं. डबा डोक्यावर घेतला आणि सरळ घरी गेली.